मशीनवरचा आळ

"मशीन परत जाणार," दवाखान्याच्या बाकावर बसता बसताच सासूबाईंनी सुनेला सांगून टाकलं. "डॉक्टरला नुसतं साबणाचं नाव काढू दे."

कपडे धुवायचं मशीन सुनेने स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. ते गेलं की घरभराचं धुणं पुन्हा तिच्याच मनगटांवर.

सासरे दोघींच्या मध्ये बसले होते. बसले कसले, या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर जात होते. जांघेत खाज, ना धड बसवत, ना चारचौघांत खाजवता येत.

"अहो, हलू नका. लोक बघताहेत."

"आई, बाबांच्या नव्या चड्ड्या बघा ना," सून हळूच म्हणाली. "इतक्यांदा धुतल्या, तरी इलॅस्टिक दुकानातल्यासारखं घट्ट. मशीन वाईट असतं तर..."

"वरून चकचकीत, आत साबण. आणि तुला जुन्याची किंमत कुठाय? माझं फरशी पुसायचं फडकंसुद्धा फेकलंस."

"मी नाही फेकलं, आई."

"मग काय पाय फुटले त्याला? चांगलं लाल दोऱ्याने ठिगळ लावलेलं होतं मी."

अस्वच्छतेचा तर प्रश्नच नव्हता. सासूबाईंच्या राज्यात आंघोळीनंतर प्रत्येकाची चड्डी बादलीत भिजलेली दिसलीच पाहिजे. त्या स्वतः डोकावून बघत. सासऱ्यांची एकदाही चुकली नव्हती.

आत डॉक्टरांनी विचारलं, "काका, चड्डी रोज बदलता?"

"रोज," सासूबाई म्हणाल्या. "मी बघते."

"मग साबण राहत असेल कपड्यात. मशीनमध्ये होतं तसं कधीकधी."

सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की मशीन तिथेच अर्धं दुकानात पोचलं.

"तरी एकदा तपासतो. काका, पडद्यामागे जाऊन पँट उतरवा."

"तपासायचं काय त्यात?" सासरे घाईने म्हणाले. "साबणच आहे. मशीन देऊ परत. तुम्ही मलम लिहा."

सुनेचे डोळे भरून आले.

"उतरवा म्हणतात तर उतरवा," सासूबाईंनी त्यांना पडद्यामागे ढकललं. "लाजायला नवी नवरी आहात का?"

पडद्यामागे बराच वेळ काही हालचाल नाही. मग पट्टा वाजला.

"झालं का हो?"

सासूबाई उठल्या आणि त्यांनी पडदा सर्रकन बाजूला ओढला.

डाव्या कुल्ल्यावर लाल दोऱ्याचं ठिगळ मिरवत, जुन्या चड्डीचं केलेलं त्यांचं हरवलेलं फडकं त्यांच्याकडे पाठ करून उभं होतं.