बाकावरचा अबोला

मार्लीन बाळाला घेऊन माहेराहून दुपारच्या विमानाने येणार होती, म्हणून बेसबॉलच्या स्टेडियममध्ये, संघाच्या बाकामागच्या कठड्यालगत, माझ्या शेजारची खुर्ची मी डायपरची पिशवी ठेवून अडवली होती. माझ्या मांडीवर लेक, कानाशी रेडिओ. समोर मार्लीनचा नवरा वेंडेल चेंडू टाकत होता आणि पाच डाव झाले तरी समोरच्या संघाला त्याचा एकही चेंडू धड टोलवता आला नव्हता.

बेसबॉलमध्ये असा पराक्रम जुळून येत असला की तो पुरा होईपर्यंत संघातलं कुणी पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, बोलत नाही. बोललं की नजर लागते. सहाव्या डावात सगळे वेंडेलपासून दूर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. माझा नवरा हँक, वेंडेलचा जिवलग, तोही.

"काय रे, मी आज आंघोळ केली नाही का?" वेंडेल ओरडला. कुणी हसलं नाही. "शाब्बास! असेच गप्प बसा!" तो एकटाच हसला.

नवव्या डावातला शेवटचा गडी बाद झाला. वेंडेलने दोन्ही हात उंचावले. मिठी मारायला कुणीच धावलं नाही.

"अरे, संपली मॅच! आता तरी बोला की गाढवांनो!" मग कठड्यापाशी येऊन मला म्हणाला, "लोर्ना, मार्लीन कुठंय? पोचली नाही अजून?"

मी लेकीला छातीशी घट्ट धरलं.

 

मार्लीनचं विमान कोसळल्याची बातमी सहाव्या डावातच रेडिओवर आली होती, आणि कठड्यावरून वाकून हँकच्या कानात ती मीच सांगितली होती.