डोहाकाठची पाटी

सखूबाईनं गाठोड्यात हिरव्या बांगड्या ठेवल्या, त्यांवर खण ठेवला आणि मगच सोपान गुरुजींना बसायला सांगितलं.

गुरुजी उंबऱ्याशीच टेकले. मंचरहून निघताना त्यांनी बोलायची चार वाक्यं मनात घोळवली होती. कळंबच्या थांब्यावर उतरेपर्यंत त्यांतली दोन विसरली. उरलेली दोन आता खोटी वाटत होती.

बारा वर्षांपूर्वी, नव्वद साली, सखूबाईचं डोंगरातलं गाव अजून धरणात गेलं नव्हतं आणि गुरुजी तिथल्या शाळेत होते. गावाखाली नदीला डोह होता. त्यात साती आसरा राहतात, भर दुपारी कोणी गेलं की ओढून नेतात, हे तिथलं रांगतं पोरही जाणत होतं. पोरांच्या डोळ्यांतली ती भीती गुरुजींना बघवेना. परीकथा वाचवाचून त्यांना वाटलं, आपणही एक रचावी. डोहाच्या तळाशी चांदीचा वाडा आहे. पाटी घेऊन येणाऱ्या मुलीला आसरा हात धरून आत नेतात, शिकवतात आणि शहाणी करून परत पाठवतात. पोरं खुशीत घरी गेली. गुरुजींनाही दोन दिवस आपण बरे मास्तर आहोत असं वाटलं.

आठवड्याच्या आत सखूबाईची इंद्रायणी नाहीशी झाली. अकरा वर्षांची पोर. बापानं, जानकूनं, तिचं लग्न तिप्पट वयाच्या बिजवराशी ठरवलं होतं. त्यावरून मावशी धोंडाबाई भांडून पहाटेच आपल्या गावी, सिन्नरला, निघून गेली. दुपारी डोहाच्या खडकावर पोरीचा परकर आणि पाटी सापडली. आसरांनी नेलेल्याला शोधायचं नसतं, शोधलं तर आणखी एकाला नेतात. म्हणून डोहात कोणी उतरलं नाही. जानकूनं खडकाला कुंकवाची सात बोटं लावली आणि तो माघारी फिरला.

पाटी तिथं कशी आली, हे आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं गुरुजींना वाटत होतं. त्यानंतर त्यांनी कोणत्याच वर्गात गोष्ट सांगितली नाही.

आता गाव कळंबजवळच्या नव्या वस्तीत आलं होतं. जानकू गेल्या साली वारला, हे गुरुजींना उशिरा कळलं. सखूबाई एकटी उरली, आता तरी तोंड उघडावं, म्हणून ते आले होते.

"सखूबाई," ते म्हणाले, "ती पाटीची गोष्ट पोरांना मी सांगितली होती. माझ्यामुळं ती..."

"ठावं हाय मला." सखूबाईनं वरही पाहिलं नाही. "पोरीनं त्याच सांजंला सांगितली व्हती. लई ग्वाड गोष्ट व्हती, गुरुजी."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ट्रंकेतून तिनं एक झबलं आणि टोपडं काढलं आणि गाठोड्यात ठेवलं. आसरांना खणाबांगड्या वाहतात, नवसाचे पाळणेही वाहतात, हे त्यांना माहीत होतं. पण बांगड्या भरल्या हाताच्या बाईच्या मापाच्या होत्या. बुडालेली लेकसुद्धा आईच्या मनात वर्षाला वर्षानं वाढत असेल. ती शहाणी होऊन परत येईल असं ही अजून मानत असेल, आणि तेही आपल्याच गोष्टीमुळं.

"कोरा कागद हाय का जवळ? आन् पेन?"

त्यांनी वहीचं पान फाडून दिलं, खिशातलं पेन दिलं. खडकावरची पाटी त्यांना पुन्हा दिसली. सखूबाईनं दोन्ही जपून झबल्यात गुंडाळलं.

"मला माफ करता आलं तर..."

"माफी मला कशाला मागता? चला संगती. तिलाच सांगा काय ते."

गुरुजींच्या कपाळाला घाम फुटला. डोहावर आता धरणाचं पाणी होतं. त्या पाण्यापुढं उभं राहून काय बोलणार? पण नाही म्हणायचं तोंड त्यांना नव्हतं. त्यांनी गाठोडं उचललं.

दारातून शेजारच्या सारजाबाईनं विचारलं, "निघालीस का गं ओटी घिऊन? यंदा लवकरच?"

"बोलावणं आलं."

"गुरुजींना धरून ने बाई. त्यांना हितंच चक्कर यायला लागलीय."

हमरस्त्यावर आल्यावर गुरुजी पलीकडं जाऊ लागले. धरणाकडं जायला आधी मंचरची गाडी धरावी लागते. सखूबाई मात्र अलीकडंच उभी राहिली आणि समोरून आलेल्या एसटीला तिनं हात केला.

"अहो, ही नाशिकची," गुरुजी म्हणाले.

ती तोवर पायरी चढली होती. गुरुजी गाठोडं सावरत तिच्यामागं चढले. थकली असेल, चुकली असेल, पुढच्या थांब्यावर उतरवू, असा विचार करत ते शेजारी बसले.

कंडक्टर आला. "आजी, गाठोडं लई मोठं हाय. त्याचंबी तिकीट फाडू का?"

सखूबाईनं गाठोडं मांडीवर घेतलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच गुरुजींना तिचं हसू दिसलं.

"दोन सिन्नर दे, भाऊ. लेकीकडं चाललोय. नातीची पाचवी हाय आज."