वरवंट्याचे लाड

“वरवंटा उचला आता, बाळाला निजवा,” बाळाची आत्या म्हणाली. बारशाच्या प्रथेप्रमाणे कुंची घातलेला वरवंटा आधी पाळण्यात निजला होता. डोक्याखाली सासूबाईंनी मोहरी भरून शिवलेली उशी, अंगावर गोधडी, कुशीत कापडी हत्ती. थाट नुसता!

शलाका बाळाला छातीशी धरून तशीच उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळाला उताणं निजवा, पाळण्यात गादीखेरीज काही नको, श्वास कोंडू शकतो. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पण भरल्या घरात, चार बायकांदेखत सासूबाईंच्या हौसेला नाही कसं म्हणायचं? नकळत तिचं बोट बाळाच्या नाकाखाली गेलं.

सुनेचं हे बोट सासूबाई रोजच बघत होत्या. त्या पुढे झाल्या. उशी, गोधडी, हत्ती, सगळ्यांसकट त्यांनी वरवंटा उचलला आणि शेजारच्या पाटावर नीट निजवला. मग मोकळ्या गादीवर नातवाला स्वतःच्या हातांनी उताणं ठेवलं.

“अगं आई, उशी राहिली की बाळाची!” आत्या म्हणाली.

“असू दे त्यालाच,” सासूबाईंनी वरवंट्याची गोधडी सारखी केली. “त्याला कुठं श्वास घ्यायचाय?”