काठोकाठ

इलाख्याचे हाकीम वारून वर्षं लोटली, तरी चहाखान्यातली त्यांची गादी कुणाला देत नसत. सोबिर चहावाला रोज सकाळी तिथे पेला ठेवून वाकून सलाम करी. तसा हुकूमच होता, आणि तो मागे घ्यायच्या आत हाकीम वारले होते. एकदा समोर शिंकला म्हणून त्यांनी सोबिरच्या थोरल्या भावाला, मुरोदला, फटके मारवले होते. तेव्हापासून मुरोद परवानगी घेऊनच शिंके.

संध्याकाळी गादीपुढचा पेला रिकामा सापडे.

"मेल्यावरही फुकट चहा!" सोबिरची बायको ओयदिन करवादली. "आज काठोकाठ भरा."

त्या इलाख्यात हव्याशा पाहुण्याला घोटभरच चहा ओतत, म्हणजे पुन्हा पुन्हा देता येई. काठोकाठ पेला म्हणजे, आता उठा.

"अगं, हाकिमांना उठा म्हणू?"

"मग बसा जन्मभर वाकत!"

डोळे मिटून त्याने पेला भरला. कुणी उठावं तसा गादीवरचा खळगा हळूच वर आला. मुरोद न विचारता शिंकला, आणि सगळा चहाखाना हसला.

दुसऱ्या सकाळी दार उघडलं, तर प्रत्येकाच्या जागेपुढे पेला होता. काठोकाठ, वाफाळता. चूल अजून पेटायची होती.

गिऱ्हाइकं आली, पेल्यांकडे पाहिलं आणि निमूटपणे पुन्हा बूट चढवू लागली.

"मुरोद आका, निघालात कुठे?" ओयदिन थोरल्या दिरावर ओरडली.

"हाकीम सांगतील की."

"अहो, थांबवा ना यांना!" ती नवऱ्याकडे वळली.

सोबिर वाकून आपला दुसरा बूट शोधत होता.