दुसरा कावळा

दशक्रियेच्या वेबसाइटवर नातेवाईक घरबसल्या जमले होते आणि पडद्यावरचा कावळा पिंडाला शिवत नव्हता.

"आईला मी सांभाळीन," हेरंबने पुन्हा सांगितलं. कावळ्याने मान फिरवली.

"बिघडलाय तुमचा कावळा!" हेरंब फोनवर डिझायनर शर्वाणीवर खेकसला.

"बिघडलेला नाही. त्यात तुमच्या वडिलांचं साठवलेलं मन घातलंय. त्यांना तुमच्या थापा पाठ आहेत."

असल्या गिऱ्हाइकांना थीममध्ये घाट हवा, नदी हवी, मंत्र हवेत. बाप तेवढा नको, हे शर्वाणीला ठाऊक होतं.

"साधा कावळा लावू? तो कुणाचाच बाप नाही."

"लावा की!"

नवा कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी हात जोडले.

"आणि वडिलांचं मन?"

"पुसून टाका," हेरंब कुजबुजला, "आईने मागायच्या आत."