चीफसाहेबांचा हिवाळा

“अहो जावईबापू, तो स्विच बायपास करा! दोन वायरी उपटा, टोकाला टोक जोडा, पेटलाच म्हणून समजा!”

शामकांत टॅबच्या पडद्यावर खेकसले. विषुववृत्ताला खेटलेल्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये डोक्यावर पंखा गरगरत होता, अंगात नुसता बनियन होता आणि तरीही मानेवरून घाम ओघळत होता. पडद्यात कॅनडा होतं. तिथे अजून उजाडायचं होतं. बर्फाच्या वादळाने रात्रभर घर झोडपलं होतं. बाहेर उणे पस्तीस. पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळणारी त्यांची एकुलती एक शेगडी, विझली होती. घर गार पडत चाललं होतं. रस्ते बंद, त्यामुळे मदतीला कोणी येणार नव्हतं. आणि लेकीच्या, तन्वीच्या पोटाशी, रजयांच्या गाठोड्यात, सहा महिन्यांची इरा होती.

“बाबा, तो सेफ्टी स्विच आहे,” दर्शन म्हणाला. “राख काढली, भांडं खरवडलं, कांड्या कोरड्या आहेत. म्हणजे बाहेर धुराची नळी बर्फाने बुजली असणार. स्विच जोडून पेटवला तर धूर घरात शिरेल.”

“सेफ्टी!” शामकांतांनी तो शब्द माशी झटकावी तसा झटकला. “अरे, जहाजावर अलार्म वाजला की आम्ही आधी त्याचं तोंड बंद करायचो, मग काय झालंय ते बघायचो. कीबोर्ड बडवणाऱ्यांना काय कळणार शेगडी? कुमुद, बघ गं तुझा जावई. कानटोपीवर कानटोपी! वरात निघालीय जशी.”

शेजारी बसलेल्या कुमुद पडद्यातल्या लेकीच्या ओठांचा रंग बघत होत्या.

आता शामकांत म्हणजे साधा माणूस नव्हे. उभा जन्म जहाजावर, रिटायर झाले ते चीफ इंजिनियर म्हणून. इमारतीखालच्या कॉफीशॉपात त्यांचा हिवाळा बारमाही चालायचा. उत्तर ध्रुवाजवळच्या मुरमान्स्कच्या बंदरात त्यांना शिंक आली तर ती हवेत गोठून खाली पडायची आणि फुटायची. चहा ओतला तर धार उभीच राहायची. मग ती मोडून, तोंडात धरून चघळायची. एकदा तर कॅप्टनची शिवीच गोठली, म्हणे. मार्चमध्ये वितळली तेव्हा ऐकू आली आणि तोवर कॅप्टन बदलला होता! पुण्या-मुंबईची आयटीवाली पोरं कोपीचे, म्हणजे तिथल्या कडक कॉफीचे कप हातात धरून हे ऐकत आणि आपल्याला एमआरटी मेट्रोच्या एसीतसुद्धा स्वेटर लागतो याची त्यांना लाज वाटे.

“बाबा, मी बाहेर जातो. नळी मोकळी करतो,” दर्शन म्हणाला.

“जा, जा. आणि छत्री घ्या हो, सर्दी होईल!”

दार उघडलं तसा पडद्यात नुसता पांढरा गोंगाट भरला. मग दार बंद झालं. तन्वी दाराकडे बघत राहिली. शामकांत मात्र थांबायला तयार नव्हते. आमच्या वेळी हातमोजे नव्हते. आमच्या वेळी थंडी आम्हाला घाबरायची. हल्लीच्या जावयांना एक नळी साफ करायची तर हिमालय चढल्यासारखं वाटतं.

“बाबा, गप्प बसा ना जरा,” तन्वी म्हणाली. “तो परत यायला हवा.”

शामकांत गप्प बसले नाहीत, आवाज तेवढा उतरला.

बऱ्याच वेळाने दार ढकललं गेलं. दर्शनच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. नळीत फावडं जाईना, म्हणून त्याने उजव्या हाताचा जाड मोजा काढून बोटांनी बर्फ उकरला होता. त्याने डाव्या हाताने बटण दाबलं. कांड्या खुळखुळत भांड्यात पडल्या. काचेमागे आधी धूर, मग एक पिवळी जीभ, मग झकास जाळ. इरा गाठोड्यातून किंचाळली. त्या घरातला तो पहिला धड आवाज होता.

“बघा! म्हटलं नव्हतं मी?” शामकांत म्हणाले. काय म्हटलं होतं, ते त्यांना कोणी विचारलं नाही.

कारण तन्वीने नवऱ्याचा हात धरला होता. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. “ह्याला काही जाणवतच नाहीये,” ती म्हणाली आणि टॅब तोंडाजवळ ओढला. “बाबा, लवकर सांगा. तुमची बोटं अशी व्हायची तेव्हा तुम्ही काय करायचात? चोळू? जाळासमोर धरू?”

शामकांतांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. पंखा गरगरत राहिला. कॉफीशॉपातल्या कोणी हे पाहिलं असतं तर म्हटलं असतं, शब्द गोठले की काय.

“बाबा!”

कुमुदनी नवऱ्याच्या हातातून टॅब काढून घेतला.

“चोळू नकोस. जाळासमोर तर मुळीच नको, कळणारही नाही आणि भाजेल. कोमट पाणी घे, तुझ्या हाताला सोसेल एवढंच, आणि बोटं त्यात धरून ठेव. रंग परत येईल तेव्हा ओरडेल तो, ओरडू दे. आणि डॉक्टरला फोन लाव. तू तिकडे गेल्यापासून मी हेच वाचत बसलेय.”

पाणी आलं. बोटं पाण्यात गेली. थोड्या वेळाने दर्शन मोठ्याने विव्हळला आणि कुमुदनी डोळे टिपले.

“पण आई,” तन्वीचा जीव आता थाऱ्यावर आला होता, “हे बाबांना माहीत नव्हतं? मुरमान्स्कला एवढे हिवाळे काढले त्यांनी…”

“हिवाळे जहाजाने काढले गं. हे खाली इंजिनरूममध्ये, बॉयलरशेजारी. बर्फाच्या प्रत्येक बंदरातून घरी आले ते पाठभर घामोळं घेऊन. पावडर मी थापायचे.”