पाटावरचा नग

खंडेनवमीच्या पूजेला महाळुंग्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये सगळे जमले, पण पाट रिकामाच होता. पुढचं वर्षभर जो माल बनवायचा, त्याचा एक नग पाटावर ठेवून पुजायचा, अशी इथली रीत. अकरा वर्षं तिथं दूध काढायच्या मशीनचा पंप बसत आला होता. यंदा मालक हरिहरराव कापडात गुंडाळलेलं काहीतरी काखेत घेऊन आले, आणि पंपाच्या असेंब्लीवरच्या आठ बायका माना उंचावून बघू लागल्या.

कापड निघालं. आत तोफगोळ्याचं रिकामं कवच होतं. नुसतं चकचकीत पोलाद.

"डिफेन्सची ऑर्डर आहे. चाळीस हजार नग," हरिहरराव म्हणाले. "उद्यापासून सगळे लेथ यावरच."

"आणि आम्ही?" असेंब्लीची सुपरवायझर तनुजा पुढे झाली. या कवचात जोडायला ना रबर, ना नळी, हे तिने बघताक्षणी ओळखलं होतं. "साहेब, आपला पंप गोठ्यात गेला की दहा वर्षं दूध काढतो. त्यावर शेतकऱ्याचं घर चालतं, डेअरीची गाडी चालते, दुरुस्तीवाल्याचंसुद्धा पोट भरतं. हा गोळा एकदा उडाला की संपला."

"म्हणून तर रोज नवा लागतो, तनुजा! पंपाचं गिऱ्हाईक दहा वर्षांनी परत येतं. तोवर शेड कशावर चालवू मी?"

ते काही खोटं बोलत नव्हते. दोनशे पंप मागच्या भिंतीशी धूळ खात पडले होते. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता, म्हणून आवाज चढला होता.

"चला, उशीर होतोय. सोजरबाई, कुंकू लावा."

आठ जणींत सोजरबाई थोरल्या, म्हणून हा मान त्यांचा. उद्यापासून त्यांना इथं काम नव्हतं, तरी आजचा मान त्यांचाच. त्यांनी कवचाला हळद-कुंकू लावलं, हात जोडले आणि दरवर्षी पंपापुढे म्हणायच्या तेच म्हणाल्या, "ज्याच्या दारात जाशील, त्याचं भलं कर."

हरिहररावांनी फोडायला उचललेला नारळ हातात तसाच राहिला.

सोजरबाईंनी त्यांच्याकडे वळून सरळ विचारलं, "मालक, ह्ये कुनाच्या दारात जायाचं हाय?"